मापाची पेटी

शिंपीणबाई बसली होती दातांच्या दवाखान्यात, पण तिचे कान होते शेजारच्या बाकावर. तिथे एक मुलगी आपल्या गल्लीतल्या सुताराशी हळू आवाजात बोलत होती. तिचे वडील आत दात काढून घेत होते.

"दादा, बाबांच्या बंदुकीला पेटी करायची आहे. आत तिच्याच आकाराची खाच, वर मखमल."

"होईल की. कागदावर बंदूक ठेवून पेन्सिल फिरवली की माप मिळतं. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटं नकोत. बंदूक तुमच्याकडेच राहू दे."

"का गं?"

"आई गेल्यापासून ते ती मांडीवर घेऊन बसतात. पुसत नाहीत, काही नाही. नुसते बसतात."

"काडतुसं?"

"मी लपवलीत. पण शोधत असतात."

दार उघडलं. म्हातारे गाल धरून बाहेर आले.

"काय रे सुतारा, पोरीनं तुझ्या गळ्यात मारलं ना काम? कधी देतोस पेटी?"

"काका, लाकूड अजून ओलं आहे. ओल्यात कोरलं तर वाळल्यावर खाच आवळते, मग बंदूक बसायची नाही."

"मग वाळव."

"वाळवतोय. पण बंदूक माझ्याकडे लागेल. रोज बसवून बघायची, रोज थोडं घासायचं."

"किती दिवस?"

"सहा महिने धरा. घासायला माणूसही नाही माझ्याकडे."

"माझे हात थरथरतात रे."

"पॉलिशपेपरला चालतं, काका."

म्हातारे हसायला गेले आणि गाल दाबून थांबले.

"सकाळी दुकान किती वाजता उघडतोस?"