खालच्या फळीवरची बरणी

हॅलो? नमस्कार, ऑरेलिया अरोमाथेरपी सल्ला केंद्र. मी स्वतः ऑरेलियाच बोलतेय. आपल्याला निद्रानाश, डोकेदुखी की मनाची…

कोण?

मावशी? अगं… नाही, ठेवू नकोस. रॉंग नंबर नाही. मीच आहे. तेंग.

धंद्याचं नाव आहे ते. …माहितीय गं, आईनं हौसेनं तेंगक्वा ठेवलं होतं. पण मावशी, काकडी नावाच्या बाईकडे कोण येईल डोकं दाखवायला? काकडीला कुणी तासाला तीन हजार बात देईल? …हो, तीन. …नाही, ऐकलंस ते बरोबर आहे. तासाला.

थांब हं… (खोकते) …काही नाही, खालच्या नूडलवाल्यानं कढईत मिरच्या टाकल्या. रोज दुपारी हेच. वर अरोमाथेरपी, खाली ठसका. …हसू नकोस, बँकॉकमध्ये या भाड्यात आणखी काय मिळणार?

बरं, तू आज दुपारचा फोन कसा केलास? सगळं ठीक ना? …काय विचारायचंय? …मला? तुला माझा सल्ला हवाय?

थांब, नीट बसते. हं, बोल.

गिऱ्हाईक आलंय… बरं… नुसती हुंगायची डबी नकोय त्याला… कुठला वास शोभेल ते तू विचार करून सांग म्हणतंय… अगं मावशी, यालाच तर कन्सल्टिंग म्हणतात. तू फेचबुरीच्या बाजारात बसून जन्मभर तेच केलंस, आणि फुकट केलंस. व्हॅनचा ड्रायव्हर येतो, डोकं धरून. तू त्याला विचारतेस, सकाळपासून जेवलास का? आधी भात खा म्हणतेस, मग डबी देतेस. पंचवीस बात. भाताचा सल्ला फुकट. तोच सल्ला मी इथे दिला की पावती फाडते.

कशी म्हणजे? ऐक ना. पहिली पंधरा मिनिटं मोफत. …का म्हणजे? पंधरा मिनिटं कुणी मन लावून विचारलं, झोप लागते का, खांदे दुखतात का, नवरा नीट बोलतो का, की धडधाकट बाईसुद्धा आजारी पडते. मग मीटर सुरू. इनहेलर वेगळा. …नाही, तुझ्यासारखी काचेची डबी नाही, त्यात मसाले दिसतात सगळे. नळी. पांढरी नळी, आत कापसाची वात, वातीवर लव्हेंडरचे, निलगिरीचे थेंब, खाली बूच दाबलं की झालं. साडेचारशे.

…हो, नळी घाऊकमध्ये दहा-अकरा बातला पडते. वातीसकट. …अगं, ते थेंबांचे पैसे नसतात. कुठला थेंब टाकायचा ते कळण्याचे असतात. …मला कळतं का? मावशी, तू सल्ला घ्यायला फोन केलायस की…

बरं, बरं. तुझं गिऱ्हाईक. मोठं आहे? …खूप मोठं? मग तासाचं बोलूच नकोस. तासाचं बोललीस की तो घड्याळ बघत बसतो. ‘प्रकल्प’ म्हणायचं. प्रकल्पाचे साठ हजार. …साठ. सहावर चार शून्यं. आणि मुख्य गोष्ट, हे लक्षात ठेव, भाव सांगितला की गप्प बसायचं. एक शब्द काढायचा नाही. तू काय करशील मला माहितीय. साठ म्हणशील, लगेच म्हणशील, पण आपली जुनी ओळख म्हणून चाळीस, आणि बसा ना, फणस कापते. तसं नाही. भाव सांगायचा आणि गप्प. जो आधी बोलला तो हरला.

…हो, अवघड असतं. तुला तर फारच.

नाही, नाही, नाव सांगू नकोस मला. आमच्या धंद्यात गुप्तता असते. गिऱ्हाइकाचं नाव घरच्या माणसालासुद्धा सांगायचं नाही.

माझं? माझं झकास चाललंय. तुला सांगायचंच होतं. छा-अमला समुद्रावर हेंगशेठचं नवीन हॉटेल होतंय ना, त्याचा वास माझ्याकडे आलाय. …अगं, मोठ्या हॉटेलांना आपला आपला वास असतो. दारात पाऊल टाकलं की तो, खोलीत तो, निघताना हातात इनहेलर, त्यातही तोच. …हो, तुमच्याच गावचे. तू ओळखतेस? …नुसती तोंडओळख. बरं. या शुक्रवारी त्यांची सही झाली ना, मावशी, की माझं वर्षाचं भाडं सुटलं. नाही झाली तर ही पाटी उतरवायची आणि परत त्या मॉलमध्ये साबण विकायला उभं राहायचं. पण होणार. का माहितीय? परवा नमुना नेला होता. शेठनी नाकाशी धरला आणि रडले.

खरंच. एवढा दांडगा माणूस, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी, आणि रुमाल काढून रडला. मी म्हटलं, बघा शेठ, सुगंध थेट काळजाला हात घालतो. ते उठून समुद्राकडे निघून गेले. …हो ना. रिसेप्शनवरच्या मुलींनी तर हात जोडले. …आदरानं, आणखी कशानं? आतून ती म्हातारी स्वयंपाकीण बाहेर आली, ती पण…

तुला कसं माहीत, ती काय विचारत होती?

‘कोण गेलं?’ …छे. ‘कोण आलं?’ असं विचारलं असेल.



रेसिपी? रेसिपी त्या स्विस बाईंची. कोर्स केला ना मी. …दोन दिवसांचा. …ऑनलाइन, पण सर्टिफिकेट जाड कागदावर आलं. …हो, भीमसेनी कापूर असतो त्यात. …स्वित्झर्लंडमध्ये मिळत असेल. …लवंग, जायपत्री, तेही मिळत असेल. …पपनसाची वाळवलेली साल? …आता तिकडे डोंगरात पपनसं होतात की नाही ते मला काय माहीत…

बरणी? कसली बरणी?

मी कशाला हात लावू? सोंगक्रानला मी आले ते सणाचं तुझ्या हातावर पाणी घालायला, आशीर्वाद घ्यायला. …हो, दुपारी तू आडवी झाली होतीस तेव्हा मागच्या खोलीत गेले होते. कंगवा शोधत होते. …माहितीय, कंगवा आरशापाशी असतो. …माहितीय, फळीवर नसतो.

बरं. घेतलं थोडं. मूठभर. …दोन मुठी. …पिशवीभर, झालं समाधान? लहान पिशवी होती.

खालच्या फळीवरच्या बरणीतलं. वरच्या फळीला हात पुरेना, स्टूल ओढलं असतं तर तू जागी झाली असतीस. …का, काय होतं खालच्या फळीवर?

…

म्हणजे वरची बाजाराची, आणि खालची…

विहाराची. …म्हणजे, मयताला येणाऱ्या लोकांना घरचे डब्या वाटतात, त्यातली? अंत्यविधीची?

पण मला वास कसा कळणार? मला सर्दी झाली होती. सकाळपासून रस्त्यात दिसेल तो सणाचं म्हणून बादली ओतत होता अंगावर. …हो, अरोमाथेरपीवालीचं नाक चोंदलं होतं. हस. पोटभर हसून घे.

चंदन होतं, हो. मला वाटलं, उंची माल दिसतोय. स्विस बाई म्हणतात, चंदन म्हणजे श्रीमंती. …अगं, त्यांच्याकडे चितेवर चंदनाची फुलं नाही ठेवत, त्यांना काय कल्पना. …मला असायला हवी होती. बरोबर. आईच्या वेळी मीच ठेवलं होतं.

आणि डोळ्यांना अजिबात झोंबत नव्हतं, म्हणून मी म्हटलं हे नक्कीच वरच्या दर्जाचं. …तू मुद्दाम मेंथॉल कमी घालतेस? का? …

…रडायला त्यांच्याकडे त्यांचं कारण असतं, आपल्या डबीनं त्यात भर घालू नये. …हं.

नंतर? नंतर हुंगली ना मी, सर्दी गेल्यावर. इथे, याच खुर्चीत. आणि मावशी, मला आई आठवली. इतकी आठवली की तासभर उठता आलं नाही. मला वाटलं, काय जबरदस्त औषध आहे, हेच विकायचं. …गाढव म्हण. म्हण ना. …म्हशीइतकी अक्कल, बरं. ते चालेल.

थांब. हेंगशेठची आई… गेल्या वर्षी गेली ना? आणि त्यांच्या डब्या… तुझ्याच? …या बरणीतल्या.

म्हणजे मी त्या माणसाला नव्या हॉटेलच्या दारात बसवून त्याच्या आईचा अंत्यविधी हुंगवला.

आणि वर म्हटलं, बघा शेठ, काळजाला हात घालतो.

पण तुला हे सगळं कळलं कसं? स्वयंपाकीण, रुमाल… …कोण आलं होतं? …आज सकाळी? तुझ्या दुकानात? …वासावरून ओळखलं त्यांनी, कुणाच्या हातचं ते.

मावशी. तुझं ते मोठं गिऱ्हाईक.

नाही, गुप्तता राहू दे बाजूला. सांग नाव. …

अगं ते माझं गिऱ्हाईक आहे. माझं. मी तीन वेळा व्हॅननं छा-अमला गेलेय त्याच्यासाठी, उन्हात. …रागावलेत का? …मला दिलेला ॲडव्हान्स परत मागतायत? …मागत नाहीत? का? …

तू म्हणालीस, ‘पोरगी आमचीच आहे.’

…

बरं, मग त्यांना किती सांगणार आहेस? …सांगितलेस? म्हणजे बोलणं झालं? मग मला कशाला विचारत होतीस किती घेऊ? …मी किती सांगते ते बघायचं होतं. आणि तू किती सांगितलेस? …

ऐंशी.

आणि मग? …गप्प बसलीस. …माझ्याआधी कुणी शिकवलं तुला? …अगं, विहारात भिक्खूंचं पठण ऐकत गप्प बसायचं वेगळं… असेल, असेल सवय. आणि शेठ आधी बोलले. काय बोलले? …‘बरं’.

ऐंशी हजार. मी त्यांना पंचेचाळीस सांगितले होते, आणि मग तीस केले. …हो, फणस नव्हता कापायला, नाहीतर तोही कापला असता.

मग माझं काय, मावशी? या खोलीचं भाडं, ही पाटी… …मी बनवून देणारच होते त्यांना पुढचा माल. प्रयत्न केला. मेंथॉलचे खडे आणि कापूर एका बरणीत घातले तर सकाळपर्यंत आपोआप पाणी झालं त्याचं. सगळं ओतून दिलं मी मोरीत. …तसंच व्हायला हवं असतं? त्या पाण्यातच मसाले भिजवायचे? …मग नूडलवाल्याची मोरी उगाच नाही आठवडाभर घमघमत होती.

चुकलं माझं. …चुकलं म्हणतेय ना. …चोरीचं नाही वाटलं? मग कशाचं वाईट वाटलं तुला?

…स्विस बाईंचं.

अगं, काय सांगायला हवं होतं मी? माझी मावशी बाजारात डब्या विकते, तिची रेसिपी आहे, असं? लोकांनी पंचवीस बात हातावर टेकवले असते आणि गेले असते. …हो. वाटली लाज. …तुझी नाही गं. पंचवीस बातची. …तुझ्या दृष्टीनं तेच झालं. …हो. तेच झालं. त्याच पंचवीस-पंचवीस बातांतून माझी शाळा झाली, तेही माहितीय मला. नको आणखी बोलूस.

बरं, सांग. काय करू म्हणतेस?

उद्या पहाटेच्या व्हॅननं यायचं… पपनसं सोलायची… साल उन्हात टाकायची, आणि कोंबड्या हाकलत बसायचं. बरं. शनिवारी गावातल्या कुणा शिक्षकांच्या मयताला डब्यांचा ट्रे घेऊन उभं राहायचं… काळे कपडे आहेत माझ्याकडे. …हॉटेलच्या डबीवर ‘सायुतच्या हातचं’ छापायचं. हे बरोबरच आहे, मावशी, तुझं नाव हवंच. …ऐंशीतले वीस मला? खरंच? …अगं नाही, रडत नाहीये, मिरच्या टाकल्या त्यानं परत.

आणि कार्ड? …नवीन छापायचं. …तेंगक्वा?

नुसतं तेंगक्वा? मावशी, ऐक ना. लोक हसतील गं. दोन्ही लिहू या. वर ऑरेलिया मोठं, आणि खाली बारीक अक्षरात…

मावशी?

हॅलो? …आवाज येतोय का?

लाइन चालूच आहे. तुझा पंखा ऐकू येतोय मला. कुणीतरी डबी मागतंय तिकडे, तेही ऐकू येतंय. …त्याला तरी उत्तर दे.

मला कळतंय बरं, तू काय करतेयस. मीच मघाशी सांगितलं तुला, आणि तू माझ्यावरच…

मीसुद्धा बसू शकते गप्प. बघ हं.

…

…

बरं. काकडी. काकडीच छापते, मोठ्या अक्षरात. …पहाटेची व्हॅन धरते. …हॅलो?

ठेवलासुद्धा.