जगदेवीच्या वाटीतली तर्री

...आता पोट कुणाचं मोठं? माझं! मग डाक्टरानं तपासायचं कुणाला? मलाच की! तुम्हाला सांगतो, लातुरात आमची खानावळ हाय. क्लासची चाळीस पोरं दोन टाइम जेवतात. एकदा माझ्या छातीत नुसता गॅस धरला, तर ही पोरं, समदी डाक्टर व्हायलाच आलेली ना, त्यांनी मला उचलून ऑटोत कोंबलं! काळजाची पट्टी काढली, रक्त काढलं, अन् निघालं काय? "काका, चरबी वाढलीय. तेल बंद!"

झालं. आमची बायको जगदेवी, तिनं बंद म्हणजे बंदच केलं. पण चाळीस जणांच्या सैपाकात माझं न्यारं कोण करत बसतंय? पातेलं तेच. माझ्या वाटीत भाजी घ्यायची, अन् वरची लाल तर्री पळीनं अल्लाद काढायची. आठ महिने पाणी खाल्लं मी, पाणी! पँट ढिली झाली. पोरं म्हणतात, "काका, लई भारी!"

पण ती काढलेली तर्री गेली कुठं? इचारलं का मी? कोण इचारतंय हो! बाई जेवती शेवटचा पोरगा उठल्यावर, तीन वाजता, आतल्या खोलीत, एकटी. पोरांनी टाकलेला भात, उरलेला शिरा, समदं तिच्याच ताटात. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं, तवा चार दिवस पुरीच्या पाकिटासाठी रांगेत उभी होती ती. तवापासून शीत टाकत न्हाई.

मग तिचा जबडा दुखू लागला. म्या म्हणलं, "दाढ आसल, लवंग धर." पाठ दुखली. "एवढ्या पोळ्या लाटल्यावर दुखणारच." घाम सुटला. "मग गॅसपुढं काय थंडी वाजंल?" बघा, जवाब कसे तयार माझ्याजवळ! पाण्याची कळशी घेऊन जिन्यात मधीच बसायची, तर मी वरून वरडायचो, "पोरं खोळंबलीत!" अन् पोट कुणाचं मोठं? माझं!

तर मला दाखवायला गेलो, ही आपली फाईल धरायला संगं. डाक्टरीणबाई अफसाना, उदगीरच्या. माझ्याकडं बघंनातच! "मावशी, धाप कधीपासून लागतीय?" म्या म्हणलं, "ओ बाई, पेशंट मी हाय!" "काका, तुम्ही जरा गप बसा."

कमरेला टेप लावली. गड्याला नव्वद सेंटिमीटरपर्यंत चालतंय, बाईला ऐंशीच! म्हणलं, हितंबी बाईला कमीच का? मग रिपोर्ट आले. कंबर, बीपी, साखर, रक्तातली चरबी, अन् ते चांगलं कोलेस्ट्रॉल कमी. पाचातले तीन बिघडले तरी काळजाला धोका म्हणं. जगदेवीचे पाचीच्या पाची! म्या म्हणलं, "जल्मात शाळा न्हाई, अन् फुल मार्क!" हसलो.

डाक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्याच फुडं सरकवले.

"काका, पाळी गेली की बाईचा धोका वाढत जातो. अन् बाईचं हृदय दर वेळी छातीत कळ देऊन सांगत नाही. जबडा, पाठ, धाप... ते सांगत होतं. मावशी, खाता काय?"

ही खाली मान घालून म्हणती, "ह्यांच्या वाटीतली काढलेली तर्री. टाकू कुठं, माय?"

आठ महिने, आयला! माझं पथ्य मी केलं, अन् माझं दुखणं पळीपळीनं तिच्या ताटात वाढलं. काळजाची एक नळी पार बुजत आलेली. नळी उघडी ठेवायला आत छल्ला बसवला. "अजून महिना गेला असता तर..." म्हणल्या बाई. मी उठलो. बाहेर बाकड्यावर बसलो. पोट घेऊन.

आता भाजी मीच टाकतो. तेल मोजून, चमच्यानं. पोरं तोंडं वाकडी करतात, करू द्या! पहिलं ताट जगदेवीचं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बघितलं हो, ती जेवती कशी. मान खाली, भराभरा, कुणी उठ म्हणायच्या आत उरकून घ्यायचं आसं. म्हणलं, "आगं, हळू खा की! कोण हाकलतंय तुला?"

तर म्हणती कशी, "तुमच्या हातचं हाय. हळू खाल्लं तर चव लागंल न्हवं!"