तापलेलं लोखंड आणि बारा तोंडं

...नाही, मी म्हणतो, तिकडे रोमात बसलेल्या पोपसाहेबांना आमच्या चर्चमधल्या सळईचं काय पडलं होतं? काय वाईट चाललं होतं, तुम्हीच सांगा. कुणावर चोरीचा आळ आला की त्यानं तापलेली सळई हातात धरून नऊ फूट चालायचं, फादर हेमोनं हात बांधायचा, तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. चिघळलं असलं तर चोर, द्या फाशी. सुकत आलं असलं तर जा बाबा घरी. सगळा न्याय देवाचा, आपण बाजूला. आणि मी तर काय, सळईच्या भट्टीवर फक्त भाता ओढणारा माणूस, माझा काय संबंध?

तर हुकूम आला, पाद्र्यांनी लोखंडाला आशीर्वाद द्यायचा नाही. का, तर देवाला असं वेठीला धरू नये म्हणे. बरं, नका धरू, पण मग निवाडा करणार कोण? राजाचे न्यायाधीश घोड्यावरून आले नि म्हणाले, ‘गावातले बारा जण करतील.’ आता आमच्या गावातले बारा जण म्हणजे... दोन धनगर, एक गवंडी, तो ठार बहिरा ऑस्बर्ट, आणि मोजत मोजत बारावा कोण, तर मी. अहो साहेब, मी फक्त भाता ओढणारा माणूस!

आरोपी होता थर्स्टन, डुकरं राखायचा, माझा लहानपणापासूनचा दोस्त. गावच्या कारभाऱ्याच्या तीन मेंढ्या गेल्या आणि आळ याच्यावर. न्यायाधीशांनी विचारलं, ‘निवाडा या बारा जणांवर सोडतोस का?’ थर्स्टननं आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘नको साहेब, लोखंडच आणा.’ ‘लोखंड बंद झालंय.’ ‘मग पाण्यात बुडवून बघा.’ ‘पाणीही बंद.’ ‘मग मला काही घाई नाही.’ आणि तो बारा जणांच्या निवाड्याला कबूल झाल्याशिवाय खटला चालवता येईना, झाली का पंचाईत? कोंडला त्याला, आणि मला म्हणाले, ‘एलविन, तुझा दोस्त ना? समजाव त्याला.’

गेलो पाव नि जवाची दारू घेऊन. म्हटलं, ‘अरे गाढवा, हात भाजून घ्यायची हौस आलीय का?’ तर शांतपणे घोट घेत म्हणतो, ‘भाजतोय कशाला? भात्यावर तूच असतोस ना? तुझ्या मर्जीतला माणूस असला की भाता कसा पेंगायला लागतो, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. फादरची प्रार्थनासुद्धा तेव्हाच लांबते, सळई निवेपर्यंत.’

मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही. खोटं कशाला बोलू, एखाद्याचं भलं व्हावंसं वाटलं की हात आपोआप ढिला पडायचा... आणि एखादा डोळ्यांत खुपत असला की... जाऊ द्या, मी फक्त भाता ओढणारा माणूस. त्याला म्हटलं, ‘थर्स्टन, बारांत मी आहे ना? मग भात्यावर काय नि तिथं काय, माणूस तोच.’ त्यानं उरलेली दारू संपवली. म्हणाला, ‘बरं. तुझ्या भरवशावर.’

दुसऱ्या दिवशी बायबलवर हात ठेवून शपथ, आणि एकेकाला उभं करून विचारणं. समोर कारभारी हाताची घडी घालून बसलेला. माझी झोपडी त्याच्या जागेत, माझा जमिनीचा पट्टा त्याच्या मर्जीवर, आणि माझाच कशाला, बाराही जणांचा. पहिला म्हणाला, ‘चोर.’ दुसरा, ‘चोर.’ ऑस्बर्टनं शेजाऱ्याला विचारलं, ‘काय म्हणायचंय?’ आणि तेच म्हणाला. अकरा झाले. थर्स्टननं मेंढ्या नेल्या का? देवाशपथ मला माहीत नाही, कुणालाच माहीत नव्हतं! आता हातात भाता असता, मान खाली, पाठ लोकांकडे, तर हळूहळू ओढून असा अलगद सोडवला असता पठ्ठ्याला... पण इथं तोंड वर करून बोलायचं, नाव घेऊन, कारभाऱ्यादेखत! आणि थर्स्टन माझ्याकडे बघून चक्क हसत होता हो, अगदी निर्धास्त.

म्हटलं, ‘साहेब, मी फक्त भाता ओढणारा...’

‘चोर आहे की नाही, तेवढं सांग.’

‘चोर,’ म्हणालो मी.

परवा फाशी दिली त्याला. कारभाऱ्यानं पाठीवर थाप मारली माझ्या, पट्टाही माझ्याकडेच राहिला. भाता होता ना, तोवर, तुम्हाला सांगतो, मी फार चांगला माणूस होतो.