लाकडी चमच्याची किल्ली

—नाही हो, बसा बसा, उठू नका, चर्चचं दार काही पळून जात नाही, सातशे वर्षं तिथंच आहे ते. किल्ली देते ना. माझ्यापाशीच आहे, हा बघा एप्रनच्या खिशातून चमच्याचा दांडा बाहेर डोकावतोय. देते. जरा दम खा, केवढ्या लांबून गाडी चालवत आलात. आणि मिसेस प्रीस काय म्हणता, इतकी वर्षं ग्लेनिस म्हणत आलात की मला—आजच एकदम परक्यासारखं? असू दे, असू दे, माझंच काहीतरी. मीही तुम्हाला मिस्टर लेगेटच म्हणत आले, ते काही सुटत नाही तोंडातून.

तुमची गाडी वळणावर दिसली तेव्हा मी सिंकपाशीच होते. तुम्ही म्हणाल, ही बाई सदा खिडकीत—आहेच मी खिडकीत, माझा नवरा डेस म्हणतो, अख्ख्या गावाला कुत्रा पाळायची गरज नाही, ग्लेनिस आहे. तर गाडी थांबली, तुमच्या बाजूचं दार उघडलं, तुम्ही उतरलात, आणि मी हातात बशी धरून दुसऱ्या दाराची वाट बघत राहिले. सवय हो. ठाऊक होतं मला—नाताळच्या तुमच्या कार्डावर एकच सही होती, तेव्हाच कळलं, मागच्या वसंतात आला नाहीत तेव्हाही कळलं—तरी वाट बघितली.

तुमचा सगळा रस्ता मला पाठ आहे. पहिल्या दिवशी ते कललेल्या मनोऱ्याचं चर्च, मग नदीकाठचं ते पडकं मठासारखं, तिथं तुमच्या ऑड्रीबाईंनी एकदा कोकराला सँडविच भरवलं आणि मेंढपाळाची बोलणी खाल्ली, दुसऱ्या दिवशी डोंगराचा कडा, वारा इतका की तुमची टोपी उडून पार पलीकडे वेल्समध्ये गेली—मला ऑड्रीबाईंनीच सांगितलं, तुम्ही कुठे काय सांगता—आणि तिसऱ्या दिवशी आम्ही. शेवटी आम्ही. चांगलं ते शेवटी ठेवायचं, म्हणायच्या त्या. याच बाकावर, याच यूच्या झाडाखाली, अंड्याचे सँडविच, एक थर्मास, दोन कप. या खेपेला कसा होता मनोरा? पडला नाही ना अजून?

सरळ इथेच आलात? म्हणजे मधलं काहीच नाही?

हं. नाही, बरोबर आहे. तेही बरोबरच आहे. बाकी सगळं त्यांचं शेवटचं बघून झालं होतं, हेच तेवढं राहिलं होतं. आतून राहिलं होतं, म्हणजे. हो, देते हो किल्ली.

चमच्याची गंमत सांगितली होती का कधी मी? छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले तेव्हापासून दार बंद ठेवायला लागलो, नाहीतर पूर्वी आओ जाओ घर तुम्हारा. किल्ली पहिल्यांदा बेविसकडे होती, चर्चचा सगळा कारभार त्याच्याकडेच ना, तर तो ती खिशात टाकून मेंढ्यांच्या बाजाराला गेला, आणि इकडे दाराबाहेर नवरी उभी, नवरा उभा, पाद्रीबाई उभ्या, आणि पाऊस. तेव्हा डेसने किल्लीला माझा लापशी ढवळायचा चमचा बांधला—एवढा लांब चमचा कुणाच्या खिशात विसरून राहील का? नाही राहणार. लपतच नाही तो. लांबून दिसतो.

तुम्ही दोघं मात्र नेहमी आधी दारच ढकलून बघायचात. बंद असतं हे माहीत असून. ऑड्रीबाई म्हणायच्या, एखाद्या वर्षी उघडं असेल, कुणी सांगावं. मग पायवाटेनं खाली यायच्या माझ्याकडे, मी तोवर हात पुसून तयार—पण दार ठोठावल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर वाटायचं ही टपूनच बसली होती. बसलेलीच असायचे मी, ते सोडा.

ऐका, आत जायच्या आधी एक सांगायचंय. आत लिलीची फुलं आहेत, ईस्टर होऊन आठवडाच झालाय, अजून टवटवीत आहेत. त्यांच्या पायाशी एक यादी आहे, माझ्या अक्षरातली. तुम्हाला हे फुलांचं कधी ठाऊक नव्हतं, तो बायकांचा कारभार. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आत एक फूल ठेवत नाही आपण, आणि ईस्टरला एकदम सगळं पांढरं—ज्याला वाटेल त्यानं आपल्या गेलेल्या माणसासाठी एक लिली द्यायची, मी नावं लिहायची, वर मथळा, यांच्या आठवणीत, आणि पाद्रीबाई ती नावं वाचून दाखवतात. ऑड्रीबाई दर वर्षी पाकीट पाठवायच्या, निळी शाई, आत चिठ्ठी, एक लिली, माझी आई ईडी हिच्यासाठी. दर वर्षी. गावाबाहेरचं एवढं एकच पाकीट यायचं, मला भारी अप्रूप त्याचं.

तर या वेळी यादीत नाव आहे. त्यांचं. तुम्ही काही पाठवलं नव्हतं, पाठवायला हवं होतं असं नाही हो, मीच आपली एक ठेवली. पण तुम्ही एकदम वाचाल आणि—म्हणून म्हटलं आधी सांगावं.

रडू नका म्हणणार नाही मी. रडा. थर्मासमध्ये चहा आहे का? प्या थोडा.

खरं सांगू का, ते नाव लिहिताना तीन कागद फाडले. डेस म्हणाला, काय झालं, एक नाव तर लिहायचंय. त्याला काय माहीत. त्याला माहीत नाही, पाद्रीबाईंना अर्धं माहीत आहे, बेविसला वाटतं त्याला माहीत आहे. हे नाव मी पहिल्यांदा लिहीत नव्हते ना, मिस्टर लेगेट.

दोन वर्षांपूर्वी पाकीट आलं ते काळ्या शाईत. तुमच्या अक्षरात. ऑड्रीबाईंच्या हाताला दवाखान्यात सुया लावलेल्या होत्या तेव्हा, हो, हे आता कळतंय, पण तेव्हा मला कुणी सांगितलं होतं? चिठ्ठीत काय तर, एक लिली, ऑड्री लेगेट, नेहमीप्रमाणे. एवढंच. ईडीचं नाव नाही. फूल देणाऱ्याचं नाव तुम्ही लिहिलंत आणि कुणासाठी ते लिहायचं राहिलं. तुम्हाला काय ठाऊक यादी कशी असते—मी तुम्हाला दोष देत नाही, देवाशप्पथ देत नाही, विचारायला हवं होतं मी, फोन होता की घरात. पण मी कधी विचारते का? मला सगळं आधीच कळलेलं असतं. दुसरं अक्षर, काळी शाई, तिचं नाव—झालं. मी पाकीट हातात घेऊन टेबलापाशी बसले आणि खरोखर रडले हो, आणि मग डोळे पुसून दुकानात गेले आणि सांगत सुटले. अख्ख्या गावाला. त्या लेस्टरच्या बाई गेल्या, बिचाऱ्या, निळ्या स्कार्फच्या. कशानं, म्हणून कुणी विचारलं तर तेही सांगितलं. छातीचं म्हणाले. कुठून सुचलं कोण जाणे. आणि यादीत लिहिलं, छान वळणदार, दुसऱ्या ओळीत.

आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी मी दार उघडलं तर समोर ऑड्रीबाई.

तुम्ही फाटकाशी होतात, हात टेकून. त्या पायरीवर. केवढ्याशा झाल्या होत्या, स्कार्फ कपाळापर्यंत ओढलेला, पण डोळ्यांत हसू, मला म्हणाल्या, ग्लेनिस, ओळखलंस ना मला? मी भूत बघितल्यासारखी. भूतच की, माझ्या लेखी. आणि डोक्यात एकच गोष्ट, आत यादी आहे. दुसऱ्या ओळीत. ही बाई आता आत जाणार, दुसऱ्या बाकावर बसणार, माझ्या आईनं भरतकामात बदक काढलेली ती प्रार्थनेची उशी गुडघ्यांखाली घेणार—किटलीसारखं दिसतं म्हणायच्या त्या, आणि दर वर्षी तीच घ्यायच्या—आणि मान वर केली की समोर स्वतःचं नाव. मेलेल्यांत. आणि दिसतच होतं ना, की ते फार खोटंही नाही. फार लांब नाही.

मला म्हणता आलं असतं, जरा थांबा, आत केर काढायचाय. मागच्या दारानं धावत जाऊन कागद फाडला असता, दोन मिनिटांचं काम. खरं सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं, त्या काही रागावणाऱ्या नव्हत्या. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, अगंबाई, किल्ली नाही हो माझ्याकडे, पाद्रीबाई घेऊन गेल्या, त्यांना सहा चर्च सांभाळायची, आता उद्या सकाळपर्यंत कठीणच.

खिशात होती. या खिशात. मी खिशावर हात ठेवून उभी होते, असा.

तुम्ही फाटकातून म्हणालात, आम्ही थांबू तासभर. आठवतं? मी म्हणाले, नको, उगाच थंडीत. तुम्हाला थांबायचं होतं, आणि मी थांबू दिलं नाही. मला तेव्हा वाटत होतं, पुढच्या वर्षी येतील. नाही, हे खोटं आहे. मला वाटतच नव्हतं तसं. त्यांच्याकडे बघून कुणालाही नसतं वाटलं. मला नुसतं इतकंच वाटत होतं की माझी फजिती होऊ नये. दुकानात काय तोंड दाखवू. बघा, एवढंच. मरणाऱ्या बाईला देवाचं दार उघडून दिलं नाही, का, तर दुकानातल्या बायका हसतील.

त्यांनी मात्र माझा हात धरला. आणि म्हणाल्या, असू दे गं ग्लेनिस, आत काय आहे ते मला ठाऊक आहे. आणि हसल्या. मी दोन वर्षं ते घोकतेय. मला वाटलं, बदक, काचा, सगळं पाठ आहे त्यांना, म्हणून मनाची समजूत घालतायत. तुम्ही गेल्यावर मी मागच्या छोट्या दारानं आत शिरले, यादी फाडली, नवी लिहिली, ईडी, नीट वळणदार. म्हटलं, एवढं तरी बरं झालं. कुणाला दिसलं नाही. निदान त्यांना तरी दिसलं नाही.

काय?

नाही हो. पुढच्या पोर्चमध्ये नव्हती. यादी मी एकच करते, आत, फुलांच्या पायाशी. तिथल्या सूचनांच्या फळ्यावर काही लावत नाही आपण, फळ्यावर गवत कापायच्या पाळ्या आणि—

तुम्ही वाचलीत? तुम्ही, दोघांनी?

बेविस. बेविसनं नक्कल काढून लावली असणार, सकाळीच. म्हणून रविवारी माझ्या मागे मागे फिरत होता, ग्लेनिस, दोन याद्या जुळत नाहीत, ग्लेनिस, आणि मी त्याला गप्प बसवलं, मी ऐकलंच नाही.

पण तुम्ही आधी दार ढकलून बघायला जाता. आधी. नेहमी. म्हणजे माझ्या पायरीवर यायच्या आधीच—

ओळखलंस ना मला, म्हणाल्या. म्हणून म्हणाल्या. म्हणजे त्या मला दाखवायला आल्या होत्या. मी आहे, बघ, अजून आहे. दोघींनी हसावं म्हणून आल्या होत्या, आणि मी—आणि चमचा तर लपत नाही. एवढा लांब दांडा, हातानं काय झाकणार. बघितलाच असेल त्यांनी.

गाडीत काय म्हणाल्या? नाही, राहू दे. नका सांगू. चांगलं असेल तर मला नाही सोसायचं.

घ्या ही. धरा हो, गार आहे म्हणून काय झालं, लोखंड गारच असतं. दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली डावीकडे, मग खांद्यानं. दुसऱ्या बाकाखाली बदक आहे. चारपर्यंत उजव्या खिडकीतून ऊन येतं, ते बरोबर तिथंच पडतं. मी नाही येत. मला भांडी पडली आहेत. हवं तितका वेळ बसा, कुणी येणार नाही, आलं तर मी बघते. परत जाताना किल्ली पायरीवर ठेवून द्या, उगाच मला हाक मारू नका, ठोठावू नका.

नाही—थांबा. ठोठावा. उघडते मी.

जा आता.