सातची गोळी

डॉक्टर व्हायच्या आधीच मला एक पेशंट मिळाला होता, सांगते. तेव्हा मी किनवटहून लातूरला क्लाससाठी आले होते, मेडिकल प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा देत होते आणि सरूकाकूंच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्यांच्या कुत्र्याला, मोत्याला, मिरगी यायची. पहिल्यांदा तो लोखंडी पलंगाखाली तडफडला आणि पलंग खडखडा हलला, तर काकू "भूकंप!" म्हणून ओरडत मला ओढून थेट रस्त्यावर!

जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सातच्या ठोक्याला गोळी सांगितली. आठवड्यातच काकू वैतागल्या. "निस्ता लोळून राहिला हाय. बंदच करते गोळी."

मी घाबरले. "काकू, एकदम बंद केली तर झटका जोरात येईल, जीवही जाईल त्याचा. सुरुवातीला अशीच झोप येते, भूक लई लागते, हाक मारली तरी लक्ष नसतं. थोड्या दिवसांत अंग सरावतं."

काकूंनी भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवून मोत्याला चारली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हाव का? मग तुझी गोळी कोणी चालू केली गं? दोन वर्सं झाली, तुझं अंग अजून सरावलं न्हाई."