मूठभर कणीक

(शाळेचं स्वयंपाकघर. सकाळचे दहा. ओट्यावर कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल.)

बाई : सगळंच?

बेकरीवाला : सगळंच, बाई. पिशवी उलटी करून झटकलीसुद्धा. या माझ्या हातांनी.

बाई : तिसरीच्या चोवीस मुलांनी वर्षभर राबून केलेलं पीठ.

बेकरीवाला : असं मोजून मापून सांगू नका हो.

बाई : मी फक्त नीट समजून घेतेय. काल तुमच्या लेकीनं पिशवी घरी आणली. आज चार वाजता आपल्या शाळेत सुगीचा सण. शाळेची भट्टी खचलीय, म्हणून मुलांच्या पिठाचा एक मोठा पाव तुम्ही भाजून आणायचा, असं ठरलं होतं. आणि तुम्ही...

बेकरीवाला : साठ छोटे पाव केले आणि विकून टाकले. म्हणजे केले मी, विकले बायकोनं. नऊच्या आत जवळजवळ खलास. एरवी माझा जाड्या पिठाचा पाव दुपारपर्यंत माशा मारत बसतो. आजच मेल्याला पाय फुटले.

बाई : पण झालं कसं?

बेकरीवाला : गिरणीवाला परवा म्हणाला, जाडसर पीठ काढलंय नवीन, नमुना पाठवतो, करून बघ. पहाटे भट्टीशी आलो तर टेबलावर कापडी पिशवी. म्हटलं, आला नमुना. इतर पिठात मिसळला नाही, शेवटी वेगळा घाणा घातला. वर हिला ऐटीत सांगितलं, नवा माल आहे, पुढे मांड.

बाई : पिशवीवर हिरव्या दोऱ्यानं गव्हाची ओंबी भरलेली होती. आठवडाभर बसून भरली तुमच्या लेकीनं. दोनदा उसवली.

बेकरीवाला : हिला दिसली ना, पिशवी धुवायला घेतली तेव्हा. अशी किंचाळली, मला वाटलं झुरळ आहे. मला नाही दिसली ओंबी. अहो, गिरणीवाला कशाला दोऱ्यानं ओंब्या भरत बसेल? एवढं तरी टाळक्यात यायला हवं होतं की नको?

बाई : तिनं सांगितलं नव्हतं तुम्हाला?

बेकरीवाला : सांगितलं होतं. काल जेवताना. बाबा, ही पिशवी वेगळी आहे, टेबलावर ठेवतेय, नीट लक्षात ठेव. मी म्हटलं, हो हो.

बाई : म्हणजे ऐकलंच नाहीत.

बेकरीवाला : कानावर पडलं, ऐकलं नाही. पहाटेचा उठलेला माणूस मी. जेवायला बसतो तेव्हा डोळे उघडे असतात, पण दुकान बंद झालेलं असतं.

बाई : हं.

बेकरीवाला : असं हं म्हणू नका. रागवा हवं तर. माझ्या शाळेतल्या बाई पट्टीनं मारायच्या, ते सोपं होतं. बरं, आता हे बघा. कापड काढा.

बाई : अगंबाई. केवढा मोठा.

बेकरीवाला : पहिल्या प्रतीचं पीठ, पहाटेच्या पांढऱ्या घाण्यातली कणीक उरलीच होती. वर काप दिलेत, बघा, ओंबीच्या आकाराचे. साल कशी तडकलीय ते ऐका, वाजवून बघा. असा पाव मी माझ्या लग्नातसुद्धा भाजला नव्हता. तर माझं म्हणणं असं की, हाच ठेवू चार वाजता मधोमध. कुणाला कळणार आहे?

बाई : मला.

बेकरीवाला : तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही पोटात घालाल.

बाई : खरं सांगू? आत्ता दोन मिनिटं मलाही मोह झाला. फार देखणा आहे हो. पण रोज सकाळी मी वर्गाच्या दारात उभी राहते, एकेकाचा हात हातात घेते, डोळ्यांत बघते आणि मग आत सोडते. स्टायनर पद्धतीची शाळा आहे ही, पहिलीपासून यांची मीच बाई आणि आठवीपर्यंत मीच. उद्या सकाळी चोवीस हात हातात घ्यायचेत मला.

बेकरीवाला : म्हणजे मी मेलो.

बाई : अजून नाही.

बेकरीवाला : तुम्हाला म्हणून सांगतो. सुरुवातीला मला ही शाळा म्हणजे निव्वळ थट्टा वाटायची. शेजारच्यांची पोरं घडाघडा पाढे म्हणतात आणि आमची लोकर पिंजत बसते. मग म्हणे गहू पेरला. म्हटलं, का बुवा, दुकानात गहू मिळत नाही? कापणीच्या दिवशी घरी आली, हातभर ओरखडे, आणि विचारते कशी, बाबा, एका पावाला किती ओंब्या लागतात सांग. वीस वर्षं पाव भाजतोय मी. मला सांगता येईना. शेवटी तिनंच सांगितलं.

बाई : किती म्हणाली?

बेकरीवाला : ...तेव्हाही मी हो हो म्हणालो असणार.

बाई : एक बोलू? राग मानू नका. आमच्या प्रत्येक सणाला तुमच्याकडून टोपलीभर पाव येतो. सुतार बाबा मांडव घालतो, शिंपीण आई पडदे शिवते, सगळे थांबतात, मुलांबरोबर गातात. तुमचा पाव येतो, तुम्ही येत नाही.

बेकरीवाला : हिवाळ्याच्या सणाला आलो होतो की.

बाई : आला होतात. फांद्यांच्या गोल वाटेवरून एकेक मूल मेणबत्ती घेऊन चालत होतं, सगळं चिडीचूप, आणि तुम्ही मागच्या बाकावर घोरत होतात. पहिलीतल्या पोरांना वाटलं अस्वल आलंय.

बेकरीवाला : आणि कंदिलांच्या मिरवणुकीला...

बाई : टोपली आली होती.

बेकरीवाला : हो. टोपली आली होती.

लेक : बाई, फुलांना पाणी हवंय, जग कुठे... बाबा? तू इथे? तू झोपलेला नाहीस?

बेकरीवाला : खारूताई! नाही गं, आज झोपच नाही आली बघ.

लेक : हा कुणाचा पाव?

बेकरीवाला : हा? हा सणाचा.

लेक : आमचा नाहीये.

बेकरीवाला : अगं, भाजल्यावर रंग पालटतो पिठाचा...

लेक : आमचं पीठ तांबूस होतं. आणि चाळणी फाटली म्हणून कोंडा तसाच राहिला होता. आणि जात्याची कच होती थोडी, बाई म्हणाल्या चालेल. हा गुळगुळीत आहे. बाबा, आमचं पीठ कुठंय?

बाई : मी बाहेर थांबू का?

बेकरीवाला : नको, नको. थांबा. तुम्ही गेलात तर मी खोटं बोलेन.

लेक : कुठंय पीठ?

बेकरीवाला : पीठ नाहीये. मी पहाटे त्याचे पाव केले. गिरणीवाल्याचं समजून. आणि ते विकले गेले.

लेक : सगळे?

बेकरीवाला : तीन उरलेत. म्हणजे दोन उरले आणि एक परत आला.

लेक : मी सांगितलं होतं तुला. दोनदा. एकदा जेवताना आणि एकदा तू दात घासत होतास तेव्हा.

बेकरीवाला : हो.

लेक : मला वाटलं तू ऐकलंस.

बेकरीवाला : नाही ऐकलं. चुकलं माझं. पिठाचं तर चुकलंच, पण त्याच्या आधी तेच चुकलं. बोल मला हवं ते. रडायचं असेल तर रड.

लेक : मी आत्ता नाही रडणार. रडलं की नाक बंद होतं आणि मग गाता येत नाही. माझी पहिली ओळ आहे.

बाई : ये, बस इथे. पाणी पी.

लेक : पिशवी पण विकलीस?

बेकरीवाला : छे छे! ही बघ. खिशात घेऊन फिरतोय सकाळपासून.

लेक : ...कुणी घेतले आमचे पाव?

बेकरीवाला : कुणी म्हणजे? नेहमीचीच गिऱ्हाइकं. टपालवाल्यानं दोन, एक सायकलवरच संपवला. तुम्हाला रस्ता ओलांडून देणाऱ्या मावशींनी चार. मग दातांचे डॉक्टर. त्यांनीच एक परत आणला, कच लागली म्हणे. म्हणाले, असेच करत जा, माझा दवाखाना जोरात चालेल.

लेक : आणखी?

बेकरीवाला : शाळेसमोरचे आजोबा. पांढऱ्या मिशांचे.

लेक : मळणीच्या दिवशी ओरडले ते? त्यांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर आमचा भुसा उडाला होता.

बेकरीवाला : तेच. सहा घेऊन गेले, आणि तासाभरानं काठी टेकत पुन्हा दारात. म्हटलं, आता हे पण परत देतात. तर म्हणाले, दुधात बुडवून खाल्ला रे, आईच्या हातचा लागला, उद्यासाठी बाजूला ठेव.

लेक : खरंच म्हणाले?

बेकरीवाला : तुझ्या गळ्याशप्पथ.

लेक : बाई, त्या आजोबांना आवडला.

बाई : ऐकलं मी. त्यांना मी तीन वर्षांत काही आवडलेलं पाहिलं नव्हतं.

लेक : पण चोवीस जणांना तीन पाव. त्यातला एक चावलेला.

बेकरीवाला : म्हणून तर हा मोठा...

लेक : हा नाही. थांब ना, मला विचार करू दे. बाबा, तू शेवटच्या घाण्यातली मूठभर कणीक मागे ठेवतोस ना रोज? त्या निळ्या भांड्यात.

बेकरीवाला : ठेवतो.

लेक : आज ठेवलीस?

बेकरीवाला : ठेवली असणारच. ते काय ठरवून करत नाही मी, हात आपसूक जातो. पण तिचं काय?

लेक : शेवटचा घाणा कुठला होता?

बेकरीवाला : शेवटचा... आधी पांढरा, मग बनचा, मग... अरे देवा.

लेक : आमचा होता.

बेकरीवाला : तुमचा होता! बाई, तुमचाच होता!

बाई : मलाही सांगा कुणीतरी. मी नुसती बाई आहे.

लेक : अहो बाई, विरजणासारखं असतं ते. कालच्या कणकेतली मूठभर ठेवायची आणि आजच्या पिठात घालायची, म्हणजे आजचा पाव फुगतो. मग आजची मूठभर उद्या. बाबाच्या आधी त्याचे काका करायचे. मी रोज बघते ना, शाळेत यायच्या आधी. आज तेवढी फुलांसाठी लवकर आले.

बेकरीवाला : तू बघतेस?

लेक : भट्टीशेजारी उभी असते की. तू म्हणतोस, बाजूला हो, भाजशील.

बेकरीवाला : हो. म्हणतो खरा.

लेक : बाई, मूठभर उरलीय म्हणजे सगळं नाही गेलं. आपण पण गहू दळताना एक बरणी बाजूला ठेवली ना, पेरायला.

बाई : ठेवली. पण एवढ्याशा कणकेचा चोवीस जणांना पाव होईल?

बेकरीवाला : तिच्यात दुकानातलं पीठ घालावं लागेल. पण फुगेल ती तुमच्या गव्हाच्या जोरावर. आत्ता मळली, उबेला ठेवली, तर... साडेतीनला भट्टीतून बाहेर. जरा धावपळ होईल, पण होईल.

लेक : तुझं पीठ चालेल. पण मळायचं आम्ही.

बेकरीवाला : इथे?

बाई : इथली भट्टी खचलीय. तुमच्याकडेच यावं लागेल. आता सण म्हणजे तुमच्याच दारात आला म्हणायचा.

बेकरीवाला : चोवीस पोरं? माझ्या बेकरीत? अहो, तिथे मी आणि पोतं एकदम वळू शकत नाही!

बाई : सहा-सहाचे चार गट करू. मी येते, शिंपीण आईला पण हाक मारते. दोन गल्ल्या सोडून तर आहे बेकरी.

लेक : आणि हा मोठा पाव मळणाऱ्यांना खायला. घरी जॅम आहे का?

बेकरीवाला : जॅम! माझा लग्नापेक्षा देखणा पाव, आणि जॅम लावून उभ्याउभ्या खाणार.

लेक : छान आहे तो, बाबा. फक्त आमचा नाहीये.

बाई : उद्या आजोबांना काय द्याल मग?

बेकरीवाला : आज मळू त्यातली मूठभर उद्यासाठी. उद्याच्यातली परवासाठी.

लेक : म्हणजे आजोबा रोज आमचा पाव खाणार?

बेकरीवाला : थोडा थोडा. रोज.

लेक : त्यांना सांगायचं नाही लगेच. आधी परत आवडू दे. पण वर्गाला सांगायचं. तू सांगायचंस, बाबा. आत्ता.

बेकरीवाला : मी? बाई सांगतील की. त्यांना सवय आहे, त्या नीट समजावून...

बाई : मी अजिबात सांगणार नाही. दारात हात देईन, तेवढं माझं काम.

बेकरीवाला : एकेकानं एक प्रश्न विचारला तरी चोवीस होतात.

लेक : तो लाल स्वेटरवाला तीन विचारेल. जातं त्यानंच जास्त फिरवलंय, हाताला फोड आलाय त्याच्या.

बेकरीवाला : त्याला काय सांगू?

लेक : आम्हाला सांगितलंस तेच. आणि चार वाजता तू टोपली पाठवायची नाहीस. तू यायचंस. मी गाते तेव्हा पुढे बसायचंस. जागा.

बेकरीवाला : हो हो, येतो ना. आधी ते निळं भांडं...

लेक : बाबा.

बेकरीवाला : काय गं?

लेक : हो हो म्हणू नकोस. एकदाच म्हण.

बेकरीवाला : ...हो.