चार बोटांचा दांडा

नाही, मला एक सांगा, जो गिअर इतके दिवस निमूटपणे पडत होता, पहिला म्हटलं की पहिला, दुसरा म्हटलं की दुसरा, त्याला हात लावायची मला काही गरज होती का? नव्हती. पण आमच्या ऑफिसातल्या तेजसने स्वतःच्या गाडीला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरचा आखूड दांडा, बसवून घेतला आणि मग डबा खाताना रोज तेच सुरू… "जित्या, तुझा गिअर म्हणजे उसाचं कांडं आहे रे, पहिल्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत माणूस विरारहून वसईला पोचतो." आता हे रोज ऐकून कोण गप्प बसेल? मी गेलो गोखिवऱ्याला, बॅप्टिस्टच्या गॅरेजात, आणि त्याने माझ्या चांगल्या हातभर लांब दांड्याच्या जागी चार बोटांचा दांडा बसवला. चार बोटं, तुम्हाला सांगतो, तर्जनी ते करंगळी, संपला.

"सर, आता हात नाय हलवायचा. नुसतं मनगट. टक, टक, बास." मी म्हटलं, अरे पण खालचं रबराचं कव्हर कुठाय, इथे भोक दिसतंय. तर म्हणतो, "जुनं याला बसत नाय सर, ऱ्हाऊ दे उघडं, वारा लागेल." कुणाला वारा लागेल? गिअरला? पण मी विचारलं नाही, कारण मी तोवर टक टक करत बसलो होतो.

आणि टक टक तरी कसलं हो… दांडा लहान म्हणजे सगळे गिअर एकमेकांच्या मांडीवर, पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो, गाडी थरथरते आणि बंद. आई शेजारी बसली की विचारायची, "जितेश, गाडीला उचकी लागलीय का रे?" काय सांगणार तिला, की हे सगळं त्या चार बोटांच्या दांड्यापायी?

बरं, उचकी लागली तर लागू दे, पण त्याच सुमाराला माझं लग्न अडलेलं. दोन हजार चारची गोष्ट. मी निर्मळचा, वाडीवाला, आणि रेवा जवळच्याच गास गावची. आमचं दोघांचं ठरलेलं, तिच्या आईचं ठरलेलं, माझ्या आईने तर साडीचा रंगसुद्धा ठरवलेला, पण तिचे वडील, काशिनाथकाका, हो म्हणेनात. नाहीही म्हणेनात. निवृत्त हेडमास्तर ते, पेपर तपासल्याशिवाय निकाल कसा लावतील? एक दिवस रेवाने निरोप आणला, "बाबा म्हणतात, गाडी कुणीही पळवतो, मुलगा थांबतो कसा ते मला बघायचंय. दसऱ्याला सोनं द्यायला ये आणि आम्हाला निर्मळच्या देवळात घेऊन जा. देवळातून आलो की उत्तर देईन."

मी म्हटलं, थांबायचंच आहे ना? थांबू की.

दसरा उजाडला. आता आमच्या घरी दसऱ्याला काय होतं, तर वाडीतली असतील नसतील तेवढी झेंडूची फुलं उतरवतात आणि आई ज्याला ज्याला चाक आहे, पातं आहे, बटण आहे, त्या सगळ्याला हार घालते. कोयत्याला, पंपाला, मिक्सरला, गाडीला बाहेरून एक आणि आत गिअरला एक. हार घरचा, आणि ओवलेला केळीच्या सोपटाच्या, खोडाच्या सालीच्या, दोऱ्यात. साधा दोरा नाही हो, साधा असता तर तुटला असता, हे ओलं सोपट दोन बैलांनी ओढलं तरी तुटत नाही. पूर्वी तो हार लांब दांड्यावर छान झुलायचा. आता दांडाच नाही तर झुलणार कशावर? तो बसला खाली, भोकापाशी, वेटोळं घालून. मी काढायला गेलो तर आई म्हणाली, "दसऱ्याचा हार आहे तो. उद्यापर्यंत हात लावशील तर बघ." नाही लावला हात. आज्ञाधारक ना मी.

गासला गेलो, सोनं दिलं, पाया पडलो. काका पुढे बसले, इस्त्रीचा सदरा, खिशात आपट्याची पानं खच्चून भरलेली. रेवा मागे. पहिला टाकला, पहिला पडला. दुसरा टाकला, दुसरा पडला. तिसरा टाकला आणि खालून काहीतरी करकरलं. चौथ्यात नेतोय तर जाईना, दुसऱ्यात नेतोय तर जाईना… खाली बघतो तर हार अर्धा भोकात गेलेला आणि उरलेला हळूहळू चाललेला. दांडा तिसऱ्यात घट्ट. आता तिसऱ्यात गाडी चालते, पण एकदा थांबली की उठत नाही.

आणि दसऱ्याच्या दिवशी त्या रस्त्याला कोण भेटत नाही? "अरे, ते बघ वर्तकमास्तर, जरा थांब, सोनं देतो." मी म्हटलं, काका, येताना देऊ. "त्या आनंदीबाई, माझ्या आईच्या मैत्रीण, नव्वदीच्या आहेत." काका, येताना. "येताना असतील का त्या?" सायकलवाला आडवा आला, मी हॉर्न दाबून धरला, तो बिचारा केळीचा लोंगर घेऊन गटाराच्या कडेला. मला आरशात रेवाचे डोळे दिसत होते आणि ते बघवत नव्हते. एक माणूस, तुम्हाला सांगतो, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं अख्खं लग्न चाललंय गटारात, आणि कशापायी, त्या चार बोटांच्या दांड्यापायी.

मग काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुढे वळणावर माझ्या थोरल्या भावाचं घर आहे. कृष्णादादा. विहिरीच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे आमचं, कित्येक वर्षं. आज मनात आलंय. तेवढं थांबव. पुढे गेलो तर माझा पाय परत वळायचा नाही."

आता बोला. थांबलो तर गाडी बंद, काकांना सगळं कळणार, माझी परीक्षा संपली. नाही थांबलो तर… आणि फाटकात दादा उभे. हातात आपट्याची पानं. त्यांनी काकांना बघितलं, हात अर्धा वर केला, आणि मी, माझा पाय ब्रेकवर जाईना हो, मी गेलो पुढे. सर्रकन. शेजारी काकांनी खिशातून काढलेली पानं मुठीत तशीच.

मागून रेवा म्हणाली, "जितेश. थांब."

त्या आवाजासरशी थांबलो. गाडीने दोन उचक्या दिल्या आणि मेली. फाटकाच्या पन्नास पावलं पुढे, भर रस्त्यात, मागे एसटी. काका उतरले आणि मागे चालायला लागले. तिकडून दादा निघाले. मी आरशात बघतोय, दोघं समोरासमोर आले, उभे राहिले, कुणी तोंड उघडेना. आणि एसटीवाला बोंबलला, "ओ काका, भेटी नंतर घ्या, आधी डबडं हलवा."

दादा म्हणाले, "काशिनाथ, तू डावीकडून लाव."

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, तुम्हाला सांगतो. आणि दोन पासष्टीचे भाऊ, इस्त्रीचे सदरे, माझी गाडी ढकलतायत, मी आत क्लच दाबून रडवेला बसलोय, आणि मागून आवाज येतोय, "दादा, तुझी कंबर." "माझ्या कंबरेचं राहू दे, तू जोर लाव." ढकलत ढकलत दादांच्या अंगणात. तिथे त्यांनी एकमेकांना सोनं दिलं आणि दोघंही माझ्याकडे न बघता विहिरीकडे निघून गेले. रेवा खाली वाकली, दादांच्या घरातल्या भाजीच्या सुरीने हार कापून काढला आणि माझ्या हातात दिला.

संध्याकाळी देवळातून आलो आणि निकाल लागला. काका म्हणाले, "मुलगा पसंत आहे. गाडी मात्र रेवा चालवेल." मला वाटलं गंमत करतायत. लग्नाला आता पाच वर्षं होतील. मी म्हटलं रेवाला, निदान तो जुना दांडा तरी परत बसवून आणू, तर म्हणते, "वेडा आहेस का, किती सुंदर पडतो हा." पडतो, तिच्या हाताला पडतो, टक टक. परवा चालत्या गाडीत सवयीने माझा हात जरासा त्या दांड्यावर गेला, नुसता टेकला हो… तर मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "जावईबापू, हात मांडीवर."